अकरा सारखे डबे

६ जानेवारी, मंगळवार

सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसलो. पाठ नसलेलं स्टूल, समोर सुतारकामाचं टेबल. तीन तासांत कंबर बोलायला लागली.

कंपनीतली ड्रॉइंगची खोली डिसेंबरअखेर बंद झाली. मला या तीन महिन्यांच्या वस्तुरचनेच्या वर्गाला पाठवलंय. मंगळवार-शुक्रवार, दुपारी दोन ते पाच, बाकीचे दिवस नेहमीची नोकरी. साहेब म्हणाले, "वीस वर्षं तुम्ही झाकणांची ड्रॉइंग केलीत. आता ती कोण उघडतं ते बघून या." हसत म्हणाले, पण लागलं.

शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. भाषण नाही, फळा नाही. टेबलावर साबणाच्या पाण्याची परात ठेवली आणि प्रत्येकाला एकेक सीलबंद बाटली दिली. "हात बुडवा आणि उघडा." बाटली बघताक्षणी ओळखली. झाकण माझं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. कडेला एकशे वीस खाचा, प्रत्येक अर्धा मिलिमीटर खोल. उघडलं नाही. दोनदा हातातून निसटली.

शेजारी बसतो तो दातांच्या कवळ्या बनवणारा आहे. त्याने शर्टाच्या टोकाने झाकण धरून उघडलं आणि म्हणाला, "कुठल्या गाढवाने केलंय हे?" मी बाटली पुसत राहिलो. मग राहवेना, सांगितलं. खाचांचं मापही सांगितलं, का कोण जाणे. तो टेबलावर डोकं ठेवून हसला. आता वर्गात माझं नाव 'मिलिमीटर' पडलंय. त्याला मी 'कवळी' म्हणायचं ठरलं.

घरी येताना बसमध्ये उभं राहावं लागलं. हाताला अजून साबणाचा वास येतोय.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी स्वयंपाकघरात फडकं पेटलं. आईने ते गरम पातेलं धरायला घेतलं आणि त्याचं टोक जाळात गेलं. बायको तिथेच होती, तिने ते मोरीत टाकलं. आठवड्यापूर्वी पातेलं करपलं होतं, त्याआधी दूध सांडलं होतं.

बायको लॅबमध्ये काम करते, सहाला घर सोडते. जाता जाता दारातच म्हणाली, "अहो, आता बास. स्वयंपाकाला मावशी ठेवू या. आईंनी आराम करावा."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर हो म्हणतील का त्या?"

आई पलीकडेच होती. तिचे कान तल्लख आहेत. ती ओटा पुसत राहिली, पुसलेलाच पुन्हा.

आईने पस्तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं केली. दोन वर्षांपूर्वी घरचंही शिवण सोडलं. बोटं दुखतात म्हणाली. तेव्हापासून तिच्याकडे उरलंय ते स्वयंपाकघर. मी बायकोला म्हटलं, माझा वर्ग संपेपर्यंत थांब. मार्चअखेर. ती म्हणाली, "बरं. तोवर घर जाळू नका म्हणजे मिळवलं."

वर्गात आज प्रत्येकाने विषय निवडायचा होता. मी लिहिलं: 'दुखऱ्या बोटांच्या वृद्ध स्त्रीचं स्वयंपाकघर.' लिहिताना वाटलं, आईला वर्गात नेऊन टेबलावर ठेवतोय की काय. पण तिच्या हातून स्वयंपाकघर जाऊ नये हे मनापासून वाटतं. निदान आज तरी तसंच वाटतंय.

१३ जानेवारी, मंगळवार

बाईंचा नियम: पहिले तीन आठवडे विचारायचं नाही, फक्त बघायचं. "विचारलं की माणसं तुम्हाला बरं वाटेल ते सांगतात. हात खोटं बोलत नाहीत." छापील कागद दिले. तीन रकाने: वेळ, काय दिसलं, कारण. तिसरा रकाना पेन्सिलीने भरा म्हणाल्या. मला पेन्सिलीने लिहिलेलं अपुरं वाटतं, मी पेनाने भरणार.

१८ जानेवारी, रविवार

पाच दिवस सकाळी सव्वापाच ते सहा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून टिपणं केली. झोप पुरत नाही. कंपनीत दुपारी डोळे मिटतात. इथे काही उतरवून ठेवतो.

१. आई प्रत्येक डबा उघडला की नाकाशी नेते. कारण: जिन्नस शिळा झाला नाही ना, हे बघते.

४. कपात चहा ओतताना एक बोट कपाच्या कडेवरून आत. कारण: बोटं आखडलेली, आधार लागतो. (भाजत असणार. तरी काढत नाही.)

६. फळीवरचा डबा काढण्याआधी दोन-तीन डब्यांना हात लावते. कारण: कुठलं झाकण सैल आहे ते चाचपते.

७. डबा कानाशी हलवते. कारण: किती उरलंय ते बघायला.

९. वर्तमानपत्र मला वाचायला लावते. 'तुझा आवाज ऐकू दे' म्हणते. कारण: एकटेपणा?

१०. नजर: ठीक. चष्मा गेल्याच वर्षी केलाय. घरात कुठेही अडखळत नाही, खुर्ची मध्ये असली तरी बरोबर वळसा घालते.

११. मी दारात उभा राहिलो की आई मान डावीकडे वळवते आणि माझ्या खांद्यापलीकडे बघते. कारण: राग. (फडक्याच्या दिवशीचं बोलणं.)

अकरावं लिहावं की नाही, यावर बराच वेळ गेला. झाकणांशी त्याचा संबंध नाही. पण दिसलं ते लिहायचं, असा नियम आहे. लिहिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज वर्गात जोर मोजायचा सराव. वजनकाट्याला दोरी बांधून कोण झाकणाला किती पीळ देऊ शकतं ते बघितलं. कवळीचा पंजा लोखंडाचा. मी मधला. बाई सगळ्यांत कमी, आणि त्यावर खूष. म्हणाल्या, "तुमची झाकणं माझ्यावर तपासा." सगळे हसले. जांभई आवरताना मीही.

२७ जानेवारी, मंगळवार

निष्कर्ष निघाला. अडचण झाकणांची आहे.

आईच्या फळीवर अकरा डबे. एकही दुसऱ्यासारखा नाही. एक बिस्किटांचा पत्र्याचा, एका बाजूला पोचा आलेला. एक काचेचा, गळ्याला सुतळी गुंडाळलेली. एकावर दोन रबरबँड. एकाचं झाकण भलत्याच डब्याचं. मी अकराही झाकणांचे व्यास मोजले: अकरा वेगवेगळी मापं! दुखऱ्या बोटांना रोज अकरा प्रकारच्या पकडी करायला लागतात. इतकी वर्षं या घरात राहतो, माझं काम झाकणांचं, आणि मी कधी फळीकडे बघितलं नाही. लाज वाटली.

म्हणून: एकच डबा, एकच झाकण, अकरा नग. झाकणाला तीन रुंद पाकळ्या, तळहाताने ढकललं तरी फिरेल. अंग पारदर्शक. दर्शनी बाजूला नाव, माझ्या हातचं अक्षर. ड्रॉइंगच्या खोलीत माझ्या अक्षराला मान होता.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. नियम आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वर्गाला गेलो नाही. कंपनीत जुन्या ड्रॉइंगांची मोजदाद होती, तीनला सुटलो, आणि पुन्हा बस धरायचं त्राण नव्हतं. कवळीचा फोन आला: "मिलिमीटर, आज बाईंनी 'विचारायचं कसं' ते शिकवलं. जोड्या लावून एकमेकांना प्रश्न विचारले. मला रडू आणलं एका बाईने, आईशप्पथ. माझी टिपणं पाठवू का?"

म्हटलं, नको. विचारणं काय, कुणालाही येतं. हे उद्धटपणे म्हटलं का? बहुतेक थकव्याने.

१५ फेब्रुवारी, रविवार

डबे झाले. पाकळ्यांचे साचे कवळीने त्याच्या कामाच्या प्लास्टरमध्ये काढून दिले आणि झाकणंही त्यानेच ओतली. "जगातल्या पहिल्या कवळीच्या मटेरियलच्या बरण्या," म्हणाला. "मीठ स्वतःच चावून खातील." माझ्या अंगठ्यांना पॉलिश कागदाने फोड आलेत.

सगळे डबे भरले, नावं लावली, फळीवर ओळीने मांडले. दोन पावलं मागे सरून बघितलं. फार दिवसांनी काही नीट झाल्यासारखं वाटलं. आईला बोलावलं.

"उघडून बघ."

तिने एक उघडला. झाकण सहज फिरलं. तिने पाकळ्यांवरून बोटं फिरवली, मग शेजारच्या डब्यावरून, मग त्याच्या शेजारच्या.

"छान आहेत," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "सगळे सारखेच आहेत की रे."

"तेच तर!" मी म्हणालो.

"जुने कुठे ठेवलेस?"

"भंगारवाला आला होता, त्याला दिले."

"सुतळीवाला पण?"

"सगळेच. आई, त्याला गंज चढला होता."

"काचेला कुठला गंज चढतोय?" ती म्हणाली. खरं होतं. गंज बिस्किटांच्या डब्याला होता. मी चूक कबूल केली. ती माझ्या खांद्यापलीकडे बघत होती.

आनंदात विचारायचं राहिलं, हवे आहेत का म्हणून. पण नको कशाला असतील?

१८ फेब्रुवारी, बुधवार

बायकोच्या चहात मीठ. तिने अर्धा कप पिऊन खाली ठेवला आणि ड्यूटीला गेली. मला बसस्टॉपवरून फोन करून सांगितलं. आईला सांगू नका म्हणाली. पण आईने कपातला उरलेला चहा चाखला होता. 

नाव इतकं ठळक आहे! दोन सेंटिमीटर उंचीचं अक्षर. घाई केली असणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गासाठी चार डबे जादा केले होते, ते मांडले; आता ते तिथेच राहतील. सगळ्यांनी फिरवून बघितले. पिळाला लागणारा जोर जुन्यापेक्षा निम्म्याहून कमी. माझ्या टिपणांचं बाईंनी कौतुक केलं, एवढी बारकाईने कुणीच केली नाहीत म्हणाल्या. मग विचारलं, "वापरणाऱ्यांचं काय म्हणणं?"

"छान आहेत म्हणाल्या."

"आणखी?"

"सगळे सारखेच आहेत, असं म्हणाल्या."

बाईंनी माझ्या कागदाच्या कोपऱ्यात काही खूण केली. "त्या वाक्याकडे पुन्हा एकदा जा," म्हणाल्या. मी होकार दिला. ते कौतुक होतं की काय होतं, कळलं नाही. घरी आल्यावर आडवा झालो तो जेवायलाच उठलो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा. भातात साखर. आई म्हणाली, "वय झालं माझं." मी नावं लाल रंगाने पुन्हा काढली, आणखी मोठी.

२ मार्च, सोमवार

सकाळी गॅस पेटलाच नव्हता. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. बायकोला म्हणाली, "तुझ्या त्या मावशी कधीपासून येणार? बोलाव बाई. मला आता कंटाळा आलाय."

बायको चपापली. तिला लढाईची तयारी होती, शरणागतीची नव्हती. "आई, मार्चअखेरपर्यंत थांबायचं ठरलंय ना?"

"कशाला थांबायचं?"

मी विचारलं, "बोटं फार दुखतात का?"

"हो ना," आई म्हणाली. "बोटं."

मावशी सोळा तारखेपासून येतील. तोवर पोळ्या बाहेरून, बाकी मी आणि बायको. आईला विचारलं, बरं वाटतंय का बसून? "राणीसारखं," म्हणाली.

मला हलकं वाटायला हवं. आता जाळ नाही, करपणं नाही. पण ज्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं, आणि माझ्या डब्यांमुळे काही सुधारलं नाही. कुठे चुकलं? जोर निम्मा झाला. पकड एक झाली. अक्षर मोठं केलं. हिशेब बरोबर येतो आणि उत्तर चुकतं.

७ मार्च, शनिवार

आई दिवसभर खुर्चीत. हात मांडीवर. मध्येच बोटांनी साडीचा काठ चाचपत असते, शिवण शोधल्यासारखं. निरीक्षणाचे आठवडे संपलेत, तरी लिहिलं. कारणाचा रकाना मोकळा सोडला. पहिल्यांदाच.

१० मार्च, मंगळवार

नीट क्रमाने लिहितो.

आजचा सराव असा होता: एका पिशवीत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक उणीव. ती अंगावर घ्यायची आणि टेबलावरच्या शेगडीवर शेजाऱ्यासाठी चहा करायचा. कवळीला मिळाले जाड रबरी हातमोजे, बोटांमध्ये काड्या बांधलेले. मला मिळाला एक कारखान्यात घालतात तसा जुना पारदर्शक चष्मा. त्याच्या दोन्ही काचांच्या मध्यभागी बाईंनी काळ्या कागदाचा गोल चिकटवला होता, रुपयाएवढा. कडेने सगळं दिसत होतं.

मला वाटलं, सोपं आहे. टेबलाला वळसा घालून शेगडीपर्यंत सहज गेलो. स्टूल मध्ये होतं, ते दिसलं. साखरेचा डबा घ्यायला गेलो. सरावासाठी बाईंनी माझेच डबे मांडले होते. मी ज्याच्याकडे बघेन तोच नाहीसा व्हायचा. त्याच्या दोन्ही बाजूंचे दिसायचे. नाव वाचायला गेलो की नावच जायचं. मी हात लावला. पाकळ्या. शेजारी हात लावला. पाकळ्या. सगळीकडे माझ्या त्या तीन पाकळ्या. मग एक उघडला आणि नाकाशी नेला.

मीठ आणि साखर दोन्हींना वास नाही. मी कानाशी हलवून बघितला.

कसाबसा चहा झाला. कप किती भरला ते दिसेना, तेव्हा कडेवरून बोट आत घातलं. भाजलं. काढलं नाही.

कप घेऊन वळलो. कवळी समोर बसला होता. त्याच्या तोंडाच्या जागी काळा गोल. तो दिसावा म्हणून मी मान डावीकडे वळवली आणि त्याच्या खांद्यापलीकडे बघितलं. तो म्हणाला, "काय मिलिमीटर, रागावलात की काय? तोंड फिरवून चहा देताय."

मी कप खाली ठेवला. सांडला बहुतेक. चष्मा काढून कागद उघडले. एक, चार, सहा, सात, नऊ, अकरा. सगळं होतं. तारखेसकट, वेळेसकट, माझ्या त्या सुंदर अक्षरात. काय दिसलं हा रकाना पूर्ण बरोबर. शेजारचा पूर्ण चूक, आणि पेनाने.

बाई जवळ आल्या. काय झालं विचारलं. मी म्हणालो, "बोटं नाहीत, बाई. डोळे." त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "घरी जा."

११ मार्च, बुधवार

रजा टाकली. काल घरी बायकोचा भाऊ आला होता, बोलणं झालं नाही. की मीच टाळलं? दोन्ही.

सकाळी बायको गेल्यावर आईच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं. कसं विचारायचं ते मी बुडवलेल्या वर्गात शिकवलं होतं. सरळच विचारलं.

"आई, मधलं दिसत नाही ना?"

साडीच्या काठावरची तिची बोटं थांबली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग बरं," ती म्हणाली.

थोडं थोडं करून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सुईचं भोक हलायला लागलं. मग काजाची रेघ मध्येच तुटल्यासारखी दिसायची. चष्मेवाल्याकडे आमच्यासोबत आली तेव्हा तक्त्यावरची अक्षरं आधीच्या माणसाने मोठ्याने वाचली होती, तीच हिने म्हटली. डबे मात्र तिचे तिला पाठ होते. सुतळी म्हणजे मीठ. दोन रबरबँड म्हणजे साखर. पोचा म्हणजे पीठ. भलतं झाकण मुद्दाम, तो सोडा.

"सांगितलं का नाहीस?"

"माझ्या आत्याला दिसेनासं झालं," आई म्हणाली. "तिला कॉटवर बसवलं. अकरा वर्षं ताट हातात दिलं. ताट चांगलं असायचं हो. कुणी वाईट नव्हतं." मग म्हणाली, "दुखऱ्या बोटांच्या बाईला निदान गॅसजवळ जाऊ देतात."

"मग डबे बदलले तेव्हा तरी बोलायचंस."

"तू किती दमून केले होतेस. अंगठे सोलले होते तुझे."

"ते तुला दिसलं?"

"हाताला लागले."

१३ मार्च, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. वर्ग बुडाला. बायकोने लॅबमधून रजा काढली. रिक्षात आईचा हात धरून बसली होती. म्हणाली, "रोज शंभर माणसांचे रिपोर्ट बघते मी. घरातला एक बघितला नाही." आई म्हणाली, "आणि खारट चहा पिऊन ड्यूटीला जातेस. शहाणी आहेस."

उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. तो परत येणार नाही. डाव्याचाही बराचसा गेलाय, पण तिथे थोडं उरलंय. इंजेक्शनं द्यावी लागतील, बहुधा थोपवता येईल. कडेचं दिसणं राहील. डॉक्टरांनी विचारलं, मान वळवून बघणं कधीपासून? मी कागद काढून दिले. अठरा जानेवारी. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "इतकं नीट टिपलंय. मग आणायला मार्च का उजाडला?"

विचारण्यात राग नव्हता. कुतूहल होतं फक्त. मी कागद घडी करून खिशात ठेवले.

आठ आठवडे. तेवढ्यात डाव्या डोळ्याचं किती गेलं असेल, हे मी विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. हे मला सोबत बाळगावं लागेल.

१५ मार्च, रविवार

मावशींना नको म्हणून कळवलं. बायकोनेच फोन केला. अट एकच: घरात कुणी असतानाच गॅस. आईने दुसरी अट घातली: कुणी दारात उभं राहून लिहायचं नाही.

२२ मार्च, रविवार

आईने बटणांचा जुना डबा काढायला सांगितला. कारखान्यातून जमवलेली शेकडो बटणं. कापडाच्या पट्ट्या मी कापल्या, सुईत दोरा बायकोने ओवला, बटणं आईने लावली. न बघता. पस्तीस वर्षांचे हात. पट्ट्या माझ्या डब्यांच्या गळ्यात घातल्या. मिठाला कोटाचं एकच मोठं बटण. साखरेला दोन बारकी. पिठाला चार भोकांचं. सोड्याला बटण नाही, नुसतं काज. "तिथे हात गेला की दचकायला हवं," ती म्हणाली.

माझी लाल नावं तशीच आहेत. "राहू देत," आई म्हणाली. "तुम्हा लोकांना लागतात."

झाकण मात्र तिला आवडलंय. खरंच आवडलंय का, हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती खेकसली, तेव्हा विश्वास बसला.

३१ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस. प्रत्येकाने काम मांडून दाखवायचं. आई आणि बायको आल्या होत्या. मी आधी नुसते डबे दाखवले, मग चूक सांगितली, कागद वाचून.  मग पट्ट्या घातलेले डबे. परीक्षकांना तो चष्मा लावून चहा करायला सांगितला. एकाने सोड्याला हात लावला आणि दचकला. आई कौतुकाने हसली.

बाईंनी विचारलं, "रचना कुणाची?"

मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "माझी. झाकण याचं."

कवळीने वाकून नमस्कार केला. "मावशी, तुमच्या मुलाची वर्गात फार बदनामी आहे."

"मिलिमीटर ना? मला माहिताय. लहानपणी पोळीसुद्धा फूटपट्टीने मोजायचा."

ही गोष्ट खोटी आहे. एकदाच मोजली होती.

पास झालो. कंपनीत काय होईल ते पुढच्या आठवड्यात कळेल. त्याची काळजी करायला आज अंगात बळ नाही. बाईंनी कागद परत करताना वीस फेब्रुवारीची खूण दाखवली. कोपऱ्यात पेन्सिलीने लहान प्रश्नचिन्ह होतं. मी तेव्हा ते बघितलं होतं आणि बरोबरची खूण समजलो होतो.

५ एप्रिल, रविवार

काल आईचं पहिलं इंजेक्शन झालं. आज डोळा लाल आहे, पण दुखत नाही म्हणते. हल्ली ती नाही म्हणाली की मी दुसऱ्यांदा विचारतो.

दुपारी तिला म्हटलं, ते कागद वाचून दाखवू का?

"कसले?"

"जानेवारीत मी दारात उभा राहून लिहायचो ते."

"हां. तुझं पेन करकरतं."

एकेक वाचलं. ती कारण सांगत गेली, मी जुनं खोडून नवं लिहीत गेलो. पेन्सिलीने. वर्तमानपत्राचं खोडू नकोस म्हणाली. "तुझा आवाज ऐकायचाच होता. ते बरोबर आहे." दहावं दोघांनी मिळून खोडलं.

दहानंतर मी बारा म्हणालो.

"अकरावं?"

"राहू दे."

"वाच."

वाचलं. मी दारात उभा राहिलो की आई मान डावीकडे वळवते आणि माझ्या खांद्यापलीकडे बघते. कारण: राग.

ती हसली नाही. "राग होताच थोडा," म्हणाली. "पण समोर बघितलं की तुझ्या जागी नुसता धुरकट डाग. मान वळवली की कडेला तू यायचास. कपाळ, चष्मा. हातात कागद. म्हणून वळवायचे."

मी खोडलं. त्याच्या शेजारी नवं लिहायला वेळ लागला.

"काय लिहिलंस?"

"कारण: मला बघायला."

"बरोबर," आई म्हणाली. मान डावीकडे वळवून तिने माझ्याकडे बघितलं, आणि चहा टाकायला उठली.